लहान स्नानगृहातील कमोडवरील फळीचे स्थाननियोजन : गृहव्यवस्थापनाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींमधील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती आणि शौचालय मजल्यावर सामाईक होते. त्या घरांत शौचालयाची भिंत ही कुटुंबाच्या मालकीची वस्तूच नव्हती. तिच्यावर फळी ठोकावी की न ठोकावी हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका प्रथम २२५, पुढे २६९ व आता ३०० चौरस फुटांची झाली. या वाटचालीत शौचालय घराच्या आत आले, परंतु त्याबरोबर साबणाचे साठे, फिनेल, ब्रश, बादल्या आणि सॅनिटरी पॅडची पाकिटे ठेवण्याची जबाबदारीही घराच्या आत आली. जागा मात्र तेवढ्या प्रमाणात आली नाही. त्यामुळे कमोडच्या वरची रिकामी भिंत गृहिणीच्या, सुताराच्या आणि अलीकडे अंतर्गत सजावटकाराच्याही नजरेत भरते.

गृहव्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात स्वयंपाकघरातील ओट्याच्या उंचीवर आपण तासच्या तास घेतो. स्नानगृहातील साठवणीला मात्र अर्धे पानही मिळत नाही. वास्तविक घरातील सर्वांत ओली, सर्वांत अरुंद आणि वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार मृत्यू पडण्यामुळे होतात. यांतील किती स्नानगृहात होतात हा येथे विषय नाही. परंतु हात न पोहोचणारी फळी माणसाला ओल्या फरशीवर स्टुलावर चढवते, एवढे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नसावी.

प्रस्तुत लेखात एकच मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. कमोडवरील भिंत जितकी रिकामी दिसते तितकी ती उपयोगी नसते. वापरण्याजोगा पट्टा फार अरुंद असतो आणि तो भिंतीवर मोजून ठरत नाही, तर घरातील माणसाचे पाय जेथे टेकतात तेथून ठरतो. विवेचन मुख्यतः टाकी जोडलेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या कमोडपुरते मर्यादित ठेवले आहे.

उपलब्ध जागेचे स्वरूप

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (२००५, सुधारित २०१६) सर्वसाधारण निवासी इमारतीत स्वतंत्र स्नानगृह किमान १.८ चौरस मीटर व शौचालय किमान १.१ चौरस मीटर असावे. दोन्ही एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र व १.२ मीटर रुंदी अपेक्षित आहे. १.२ मीटर रुंदी म्हणजे चार फुटांच्या आतच. या रुंदीच्या एका बाजूला कमोड, मध्ये आंघोळीची जागा, दाराशी वॉश-बेसिन, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. कमोडच्या मागील भिंतीपासून भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ६५ ते ७० सें.मी. असते, फ्लशच्या टाकीची खोली १८ ते २० सें.मी. आणि टाकीच्या झाकणाची जमिनीपासूनची उंची ७५ ते ८० सें.मी. म्हणजे झाकणापासून २.१ मीटरपर्यंत, जेथे बहुधा माळा सुरू होतो, सव्वा मीटरहून अधिक उभी भिंत मोकळी दिसते. तीन फळ्या सहज बसतील, असे कोणालाही वाटावे.

खालची मर्यादा

पहिली अडचण टाकीची. टाकीतील बॉलकॉक बिघडला, रबर झिजले, पाणी अखंड वाहू लागले, की झाकण वर उचलावे लागते. चिनी मातीचे झाकण जड असते व ते तिरपे करून काढण्यास वर किमान २० ते २५ सें.मी. मोकळी जागा हवी. ही जागा न ठेवल्यास प्रत्येक दुरुस्तीला फळी उतरवावी लागते. अनुभव असा, की ती उतरवण्याऐवजी गळती महिनोन्‌महिने तशीच ठेवली जाते. टाकी भिंतीत लपवलेली असेल, तर दाबपट्टीच्या मागूनच दुरुस्ती होते, म्हणून त्या पट्टीसमोरही काही येता कामा नये.

दुसरी मर्यादा बसलेल्या माणसाच्या डोक्याची. आसनाची उंची सुमारे ४० सें.मी. धरली आणि १७५ सें.मी. उंचीच्या पुरुषाची बैठी उंची साधारण ९१ सें.मी. धरली, तर त्याचे डोके जमिनीपासून १३१ सें.मी.वर येते. मागे रेलताना किंवा वळताना डोके फळीच्या कडेला लागू नये यासाठी २० सें.मी. खोल फळीचा तळ १३५ सें.मी.च्या खाली आणणे इष्ट नाही. फळी १० ते १२ सें.मी. एवढीच अरुंद असेल तर ती टाकीच्या पुढच्या कडेच्या बरीच आत राहते, त्यामुळे ती झाकणापासून २५ सें.मी. वर, म्हणजे १०५ सें.मी.च्या आसपासही चालू शकते. साबणवडी, काडेपेटी, एखादी लहान बाटली यांपलीकडे तिच्यावर काही मावत नाही, ही गोष्ट वेगळी.

वरची मर्यादा : हात कोठवर पोहोचतो?

आता लेखाच्या मुख्य भागाकडे वळू. सुतारास विचारले असता तो आपला हात वर करून दाखवतो. तो भिंतीला लागून उभा असतो आणि बहुतेक वेळा कमोड अद्याप बसवलेला नसतो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सें.मी. आहे. अशी स्त्री भिंतीलगत उभी राहिली तर तिचा हात १८० सें.मी.पर्यंत सहज जातो. पण कमोड बसल्यावर ती भिंतीलगत उभी राहूच शकत नाही. भांडे तिला मागे ढकलते.

येथे पायथागोरसचा सिद्धांत उपयोगी पडतो. शरीरमापनशास्त्रातील सर्वसाधारण प्रमाणांनुसार खांद्याची उंची एकूण उंचीच्या सुमारे ०.८२ पट आणि खांद्यापासून मुठीपर्यंतची लांबी सुमारे ०.३९ पट असते. १५२ सें.मी. उंचीच्या स्त्रीसाठी हे आकडे अनुक्रमे १२५ व ५९ सें.मी. येतात. ती कमोडसमोर, भांड्याला गुडघे टेकवून उभी राहिली, तर तिचा खांदा मागील भिंतीपासून सुमारे ७५ सें.मी. दूर असतो. फळी २० सें.मी. खोल असेल तर तिची पुढची कड खांद्यापासून ५५ सें.मी. आडव्या अंतरावर येते. ५९ सें.मी.चा हात ५५ सें.मी. पुढे गेल्यावर वर जाण्यासाठी त्याच्याकडे उरते काय? ५९ चा वर्ग वजा ५५ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ २१. म्हणजे मूठ जास्तीत जास्त १४६ सें.मी.वर पोहोचेल. १८० सें.मी.ची पोहोच एका भांड्यामुळे १४६ वर आली.

फळी अरुंद केल्यास ही स्थिती सुधारत नाही, उलट बिघडते. कारण कड आणखी मागे जाते. १२ सें.मी. खोल फळीची कड ६३ सें.मी. दूर असते आणि सरळ उभे राहून तेथे हात पोहोचतच नाही. डोक्याच्या दृष्टीने अरुंद फळी चांगली, हाताच्या दृष्टीने रुंद फळी चांगली, असा हा पेच आहे. कंबरेतून पुढे वाकून तो सुटतो हे खरे, पण ओल्या फरशीवर, भांड्यावर ओणवे होऊन, वर हात करून बाटली काढणे ही कृती सत्तरीच्या स्त्रीकडून दिवसातून दोनदा अपेक्षिणे योग्य नव्हे.

सुदैवाने आपल्या स्नानगृहांत कमोडच्या एका बाजूला आंघोळीची जागा असल्याने बाजूने उभे राहता येते. या स्थितीत खांदा मागील भिंतीपासून ४५ सें.मी.वर आणि कमोडच्या मध्यरेषेपासून ३५ सें.मी. बाजूला आहे असे मानू. फळीच्या मध्यबिंदूच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर मग सुमारे ४३ सें.मी. भरते आणि मूठ १६५ सें.मी.पर्यंत जाते. फळीच्या जवळच्या टोकापाशी हेच अंतर सुमारे २७ सें.मी. असून पोहोच १७७ सें.मी. होते. एकाच फळीची दोन टोके वापराच्या दृष्टीने समान नाहीत, हे यावरून दिसते. रोज लागणाऱ्या वस्तू ज्या बाजूने आपण उभे राहतो त्या टोकाला, आणि क्वचित लागणाऱ्या भिंतीकडच्या टोकाला, एवढे साधे पथ्यही पुष्कळ घरांत पाळले जात नाही.

घरातील सर्वांत लहान उंचीच्या प्रौढ व्यक्तीचा विचार केला की चित्र आणखी आकसते. वयानुसार पाठीचा कणा झुकून उंची कमी होते. १४२ सें.मी. उंचीच्या आजीच्या खांद्याची उंची ११६ व हाताची लांबी ५५ सें.मी. धरली, तर समोरून तिचा हात खांद्याच्या पातळीच्या वर जातच नाही. बाजूने तो फळीच्या मध्यापाशी १५० सें.मी.पर्यंत जातो. तळ १३५ सें.मी.वर असलेल्या फळीवरील बाटली धरण्यास मूठ १४५ च्या आसपास न्यावी लागते. म्हणजे पहिली फळी तिला जेमतेम साधते. त्यावर ३० सें.मी. अंतर ठेवून बसवलेली दुसरी फळी तिच्यासाठी नाहीच. उंच सुनेसाठीही ती अर्धीच आहे. तिसऱ्या फळीसंबंधी काही लिहिण्याचे कारण उरत नाही.

एकंदरीत सव्वा मीटर भिंतीपैकी सर्वांना वापरता येईल असा पट्टा १३५ ते १६५ सें.मी. या दरम्यानचा, सुमारे एका फुटाचा निघतो. हे आकडे सरासरी प्रमाणांवर आधारलेले आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापनाचा संदर्भग्रंथ प्रकाशित केला. तो हाताशी असल्यास अधिक नेमके आकडे घेता येतील. परंतु एका घराच्या फळीसाठी त्या घरातील माणसे मोजणे हेच उचित. विद्यार्थिनींना गृहपाठ म्हणून हे मोजमाप दिल्यास त्या ते मनापासून करतात, कारण आजीची पोहोच आणि आपली पोहोच यांतील फरक त्यांनी पूर्वी कधी मोजलेला नसतो.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. टाकीच्या वर दोन फूट सोडून फळी लावावी, हा सल्ला इंग्रजी गृहसजावटविषयक लेखनात वारंवार आढळतो. आपल्या हिशेबातील १३५ ते १४० सें.मी.शी तो योगायोगाने जुळतो. मात्र त्यापुढे तेथे दोन-तीन फळ्यांची मांडणी सुचवली जाते, किंवा टाकीला मधे घेऊन जमिनीवर उभे राहणारे चार पायांचे फडताळ सुचवले जाते. अमेरिकन स्त्रीची सरासरी उंची सुमारे १६१ सें.मी. आहे आणि तेथील स्नानगृहाची जमीन कोरडी राहते. आपल्याकडे बादली, मग, जेट आणि वायपर यांच्या राज्यात त्या चार पायांचा टिकाव लागत नाही. ओल्या जमिनीवरील कोणतीही पायाची वस्तू म्हणजे बुरशी व गंज यांचे घर.

फळीवर काय ठेवावे

वापरण्याजोगा पट्टा एका फुटाचा आहे हे मान्य केले की निवड करावीच लागते. दंतब्रश तेथे ठेवू नये. फ्लश केल्यावर सूक्ष्म तुषार हवेत उडतात हे चार्ल्स गर्बा व सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी लेसरच्या प्रकाशात हे तुषार चित्रित केले, तेव्हा ते ८ सेकंदांत सुमारे दीड मीटर उंचीपर्यंत गेलेले दिसले. तो प्रयोग झाकण नसलेल्या, जोरदार दाबाच्या सार्वजनिक प्रकारच्या भांड्यावर होता; घरगुती टाकीचा जोर त्याहून कमी असतो. तरीही आपली फळी नेमकी त्याच उंचीवर येते, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्बा यांच्याच गटाला झाकण बंद केल्याने विषाणूंच्या प्रसारात फारसा फरक आढळला नाही. तेव्हा झाकणाच्या भरवशावर तोंडात घालायची वस्तू तेथे ठेवणे बरे नव्हे. जुन्या पिढीचा या बाबतीतील विटाळाचा विचार अन्य कारणांनी आलेला असला तरी ब्रशपुरता तो हितकारकच ठरतो.

सफाईच्या रसायनांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शौचालय सफाईच्या अनेक प्रचलित द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटयुक्त द्रावण त्याच फळीवर शेजारी ठेवलेले असते. दोन्ही सांडून एकत्र आली की क्लोरीन वायू निर्माण होतो आणि २.८ चौरस मीटरच्या बंद खोलीत त्यापासून पळण्यास वाव नसतो. शिवाय आम्लाची बाटली डोक्याच्या वर असेल आणि ओल्या हातातून निसटली, तर ती चेहऱ्यावर येते. आम्लयुक्त बाटली डोळ्यांच्या पातळीच्या वर कधीही ठेवू नये, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे. घरात लहान मूल असल्यास ती खालीही नको. कोरड्या बाल्कनीतील कडी असलेले कपाट हीच तिची जागा. स्नानगृहात तिचे कायमचे वास्तव्य असण्याचे कारण नाही.

उरतात त्या हलक्या, न फुटणाऱ्या, बंद पाकिटातील वस्तू : सॅनिटरी पॅड, जादा साबण, कागदाचे गुंडाळे, पुसण्याची फडकी. यांतील पॅड व कागद दमटपणाने खराब होतात, म्हणून ते झाकणाच्या डब्यात असावेत. काचेची बाटली तर नकोच. चिनी मातीच्या भांड्यावर ती पडल्यास केवळ बाटलीच नव्हे, भांडेही तडकू शकते, आणि तडकलेल्या भांड्यावर नकळत बसल्यास होणारी जखम अत्यंत खोल असते.

भिंत, स्क्रू आणि भार

जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडा कोरता येत असे. तो भिंतीच्या आतच राहत असल्याने डोक्याला लागत नसे व उखडतही नसे. आजच्या सदनिकेतील अर्ध्या विटेची भिंत ११५ मि.मी. जाडीची असते. तिच्यात कोनाडा शक्य नाही आणि पलीकडे बहुधा डक्ट किंवा शेजाऱ्यांचे स्नानगृह असते. म्हणून फळी ब्रॅकेटवर पेलावी लागते.

ब्रॅकेटचे यांत्रिक तत्त्व समजावून घेण्यासारखे आहे. २० सें.मी. खोल फळीवर ८ किलो वजन समान पसरले असल्यास त्याचा भार भिंतीपासून १० सें.मी. अंतरावर आहे असे मानता येते. ब्रॅकेटचा भिंतीवरील उभा हात १० सें.मी. असेल तर वरचे स्क्रू बाहेर खेचणारा जोर सुमारे ८ किलो होतो; तोच हात ५ सें.मी. असेल तर १६ किलो. वजन फळीच्या पुढच्या कडेला ठेवले, तर १० सें.मी.च्या ब्रॅकेटलाही १६ किलोचा ताण सोसावा लागतो. आणि तोल जाणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तेव्हा ८ किलोचा हिशेब संपलेला असतो. म्हणून फळीखाली टॉवेलची दांडी जोडू नये. दांडी दिसली की हात तिच्याकडेच जातो. आधारासाठी लावायची दांडी स्वतंत्र व बाजूच्या भिंतीवर असावी, आणि फळीची जागा ठरवण्यापूर्वी तिची जागा ठरवावी.

हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लास्टिकच्या फिशरची पकड ढिली पडते. त्यासाठीचे लांब नायलॉन फिशर वेगळे मिळतात. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवून टाइलसाठीचे टोक वापरावे. टाकीला पाणी देणाऱ्या अँगल कॉकच्या सरळ वर व त्याच्या आडव्या रेषेत भिंतीतील नळ असण्याचा संभव असतो, म्हणून त्या रेषा टाळाव्यात. नवीन बांधकामात टाइल बसण्यापूर्वी नळांची छायाचित्रे काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. भोक सिलिकॉनने बुजवणे विसरू नये. गृहनिर्माण संस्थांमधील पुष्कळ भांडणे खालच्या छताला आलेल्या ओलीतून सुरू होतात, हे येथे वेगळे सांगावयास नको.

साहित्याविषयी थोडक्यात. भुश्याच्या दाबपट्ट्या पाणी लागताच फुगतात. प्लायवूडच हवे असल्यास आय.एस. ७१० मानकाचे घ्यावे व कडा बंद कराव्यात. कोकणात व मुंबईत खाऱ्या हवेमुळे लोखंडी ब्रॅकेट लवकर गंजतात. तेथे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील परवडते. कडप्पा टिकाऊ खरा, परंतु तो स्वतःच जड आहे व वरून निखळल्यास त्याच्याखाली बसलेला माणूस आहे.

खिडकीचा प्रश्न

अनेक सदनिकांत कमोडच्या मागील भिंतीतच डक्टकडे उघडणारी काचपट्ट्यांची खिडकी असते. संहितेनुसार ही उघडी जागा किमान ०.३७ चौरस मीटर असावी. फळी, तिच्यावरील डबे आणि डब्यांमागे खोचलेली प्लास्टिकची पिशवी यांनी ही जागा अर्धी झाकली, तर गरम पाण्याची वाफ आतच राहते आणि जी ओल चुकवण्यासाठी आपण वस्तू वर ठेवल्या तीच ओल त्यांना वर येऊन गाठते. अशा भिंतीवर फळीच नको. बाजूच्या भिंतीवर, कमोडच्या पुढच्या कडेच्या थोडे मागे, १२ सें.मी. खोलीची लहान फळी पुरेशी होते. भारतीय बैठकीच्या भांड्याबाबतही हेच म्हणता येईल. तेथे उठताना शरीर सरळ वर येते, त्यामुळे भांड्याच्या वरची हवा मोकळी सोडणे हेच नियोजन.

निर्णयाची एक सोपी पद्धत

भोक पाडण्यापूर्वी फळीच्या आकाराचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने नियोजित उंचीवर आठ दिवस लावून ठेवावा. पुठ्ठा वाकलेला किंवा निखळलेला दिसला, तर कोणाचे तरी डोके वा खांदा त्याला लागतो आहे. त्यावर रिकाम्या बाटलीचे चित्र काढून घरातील सर्वांत बुटक्या व्यक्तीस, चप्पल न घालता, फरशी ओली असताना, बाजूने उभे राहून त्या चित्राला पूर्ण तळवा टेकवण्यास सांगावे. टाचा उचलल्या गेल्या तर पुठ्ठा पाच सें.मी. खाली आणावा. तो १३५ सें.मी.च्या खाली जाऊ लागला, तर त्या भिंतीवरचा हट्ट सोडून दाराच्या मागची जागा मोजायला घ्यावी.